शमीम सिस्टरचा अर्ज

‘किरकोळ’ हा शब्द शमीम सिस्टरसमोर उच्चारायची सोय नव्हती. आमच्या सहकारी साखर कारखान्याच्या दवाखान्यात त्या परिचारिका होत्या. कुणी "सिस्टर, किरकोळ ताप आहे" म्हणत आत आला, की थर्मामीटर हातात धरून त्या आधी भांडत. "किरकोळ हाय का न्हाई ते मी ठरवीन. तुमी तोंड उघडा." धारूरच्या त्या. वडिलांचं तिथं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. उंचीनं बेताच्या, पण आवाज फाटकावरच्या वजनकाट्यापर्यंत ऐकू जाई.

मी कारखान्याच्या कार्यालयात होतो. संचालक मंडळाच्या बैठकीची विषयपत्रिका तयार करणं माझं काम, त्यामुळे सगळे अर्ज माझ्या टेबलावरून पुढं जात.

त्या वर्षी पाऊस झाला नाही. ऊस उभ्या जागी जळाला, गाळप झालंच नाही. कारखान्यानं मोकळ्या मैदानात गुरांची छावणी उघडली. आसपासच्या गावांतली माणसं जनावरं घेऊन आली आणि ताडपत्र्या बांधून तिथंच राहिली, बायकालेकरांसह. फाल्गुनात एका मुलीच्या अंगावर पाणीदार फोड उठले. कांजिण्या.

दुसऱ्याच दिवशी सिस्टर अर्ज घेऊन आल्या. आठवड्यातून दोनदा येणाऱ्या डॉक्टरांचीही त्यावर सही होती. छावणीतल्या ज्या मुलांना कांजिण्या झालेल्या नाहीत, त्यांच्यासाठी लस मागवावी, एवढीच मागणी. सरकारी लसीकरणात ही लस नव्हती. कारखान्यानंच आणायला हवी होती.

"भाऊसाहेब, संपर्क आल्यावर पाच दिवसांच्या आत टोचली तर लई लेकरं वाचतात यातून. आल्याच तरी हलक्या येतात. आजच्या आज पुढं जाऊ द्या," त्या म्हणाल्या. मग खुर्ची ओढून बसल्या. "ती उमापूरची शोभा हाय ना, तिला सहावा महिना हाय. तिला कांजिण्या झालेल्या न्हाईत, मी इचारलंय. गरवार बाईला ही लस देता येत न्हाई. म्हणून तिच्या भवतालच्यांना द्यायची. तिच्या लेकराला सगळ्यात आधी."

उपाध्यक्षांना सगळे तात्या म्हणत. तात्यांनी अर्ज वाचला आणि हसून माझ्याकडं सरकवला. "कांजिण्यांनी कोण मेलंय का? आमाला समद्यांना येऊन गेल्या. पुढच्या बैठकीत ठेवा." ते हसणं आजही आठवलं की माझं डोकं तापतं. पुढची बैठक एका पाहुण्या पुढाऱ्यासाठी लांबली, मग पुन्हा लांबली. सिस्टर रोज दारात येऊन विचारत, "ठेवला का?" मी म्हणे, "ठेवलाय." सहाव्या दिवशी त्या आल्या नाहीत. मला सुटल्यासारखं वाटलं.

दोन आठवड्यांनी शोभाच्या चार वर्षांच्या गणेशला फोड आले. सिस्टर तिला म्हणाल्या, "तू लांब राहा. सासूला बोलवून घे."

"सासू गावाकडं अंथरुणाला खिळलीय. मी न्हाई तर त्याला पाणी कोण पाजंल?"

सिस्टरनी गणेशला उचलून दवाखान्यात आणलं. त्याची नखं कापली, अंग पुसलं. शोभाच्या नवऱ्यानं खाटेला कडुलिंबाचा पाला बांधला, त्याला त्या काही बोलल्या नाहीत. गणेश बरा झाला. पण फोड दिसायच्या आधीपासूनच तो आईच्या कुशीत झोपत होता. पुढच्या पंधरवड्यात शोभाला कांजिण्या आल्या आणि चौथ्या दिवशी तिला श्वास घेता येईना. जीपमधून बीडला नेलं. कांजिण्या फुप्फुसात उतरल्या होत्या. दोन दिवसांत ती गेली, पोटातल्या बाळासकट.

छावणीत शोकसभा झाली. तात्या उभे राहिले आणि म्हणाले, "देवाच्या मनात असतं, त्याच्यापुढं आपण काय करणार."

सिस्टर बायकांमधून उठल्या. "तात्या, देवाला मधी घेऊ नका. पाच दिवस माझ्या हातात हुते, ते तुमच्या टेबलावर गेले. लस बीडच्या दुकानात हुती. माझा फ्रीज चालू हुता. डॉक्टरची सही हुती. काय कमी पडलं ते या माणसाला सांगा." आणि त्यांनी शोभाच्या नवऱ्याकडं बोट केलं. तात्या खाली बसले.

तिसऱ्या दिवशी लस आली. बैठक न घेताच. बर्फाचा डबा मांडीशी घेऊन सिस्टर ताडपत्रीखाली बसल्या. एका आईनं विचारलं, "टोचल्यावर लेकराला काही हुनार न्हाई ना?"

"दंड दुखेल. एखाद्याला ताप येईल, चार पुटकुळ्या उठतील. अर्धा तास इथंच बस, मी बघते."

"मग कांजिण्या येणारच न्हाईत?"

"खोटं कावून सांगू? कुणाला येतीलबी, पण थोड्या. दुसरा डोस चुकवू नको, म्हंजे ती भीतीबी लई कमी."

पावसाळ्यात छावणी उठली. दुसऱ्या डोससाठी सिस्टर यादी घेऊन गावोगाव हिंडल्या. उमापूरला शोभाच्या नवऱ्यानं गल्लीतली सगळी लेकरं स्वतः गोळा करून ओट्यावर बसवली होती.

दिवाळीआधी कारखान्यानं दवाखाना बंद केला. कागदावर कारण काटकसरीचं होतं. खरं कारण शोकसभेला हजर असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

सिस्टर चाव्या द्यायला माझ्याकडं आल्या. मी, चुकीचं झालं, तात्या असे, तात्या तसे, असं बरंच बोललो. त्यांनी ऐकून घेतलं.

"भाऊसाहेब, तो अर्ज तुमी वाचलता का?"

"वाचला होता."

"तुमच्या मुलीला बीडला ही लस दिलीय ना?"

दिली होती. दोन्ही डोस. मी मान हलवली.

"तात्याला कळत नव्हतं," त्या म्हणाल्या. "तुमाला कळत हुतं."

चाव्या टेबलावर ठेवून त्या गेल्या. तात्यांनी काय केलं, ते मी आजवर अनेकांना तावातावानं सांगितलं. हे शेवटचं बोलणं मात्र कधीच सांगितलं नव्हतं.