मानेमागची पोवळी

एडिसनमध्ये ओक ट्री रोडवर, साड्यांच्या दुकानामागच्या खोलीत एक सिसिलियन म्हातारा पोवळ्यांच्या माळा ओवून देतो. तो गिऱ्हाइकाचं नाव विचारत नाही, म्हणून मीही त्याचं विचारलेलं नाही. त्याचं प्रत्येक वाक्य "आमच्या त्रापानीत" असं सुरू होतं. आमच्या त्रापानीत चर्चमधल्या मूर्ती पोवळ्यांनी मढवायचे. आमच्या त्रापानीत पोवळं कोरणाऱ्यांची वेगळी गल्ली होती. समुद्रातलं पोवळं संपलं, हे मात्र तो त्रापानीचं नाव न घेता सांगतो.

आईची माळ तुटली तेव्हा आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो. ती माळ तिला लग्नात सासूबाईंनी घातली होती. म्हाताऱ्याने भिंगाखाली मणी तपासले, त्यातले नऊ बाजूला काढले आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "ग्लास." म्हणजे काच.

"काय म्हणतोय रे?" आईने विचारलं.

"जुनं काम आहे म्हणतोय."

त्याला मराठी येत नाही. तरी त्याने ते नऊ मणी शेवटी, मानेमागे केसांखाली जातील असे ओवले.

आई आता माळ घालून आरशात बघते. मी मागे उभा राहून फासा अडकवतो.