बाबांनी चुकवलेल्या दोन भाऊबीजा

बाबांनी सलग दोन वर्षं भाऊबीज चुकवली, तेव्हा मी त्यांना तोंडावर माणूसघाणे म्हणाले होते. केळापूरला त्यांची मोठी बहीण एकटी राहते, वाट पाहते. "गुडघा दुखते," एवढंच बाबा म्हणत. त्याच गुडघ्यानं रोज यवतमाळच्या भाजीबाजारात पायी जात.

त्या काळात मी बसस्थानकांवर बायकांसाठी धड मुतारी हवी म्हणून पत्रकं वाटत होते. प्रत्येक पत्रक छापण्याआधी बाबा तपासत. कचेरीत जन्मभर कारकुनी केलेला माणूस. एका पत्रकावर मी ठळक लिहिलं होतं : 'पुरुषांना भिंत पुरते, बायांनी कुठं जायचं?' बाबा तो कागद बराच वेळ धरून बसले.

"हे पहिलं वाक्य पाहिजेच काय?"

"काहून? खोटं आहे?" माझा आवाज चढला.

"नाही. राहू दे."

मला वाटलं, मी जिंकले.

तिसऱ्या वर्षी त्यांना ओढूनच नेलं. सकाळपासून त्यांनी चहा घेतला नाही, पाणी घेतलं नाही. निघताना दोनदा मोरीत जाऊन आले, कुलूप लावल्यावर तिसऱ्यांदा. मी चिडले. गाडी घाटंजीमार्गे जाणारी. वाटेत त्यांनी कंडक्टरला हळूच काही विचारलं. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आत्ताच तर निंघालो ना काकाजी! लहान लेकरंबी चूप बसून राह्यली, तुमालेच काय झालं?" अख्खी गाडी हसली. मीसुद्धा हसले. लिहायला लाज वाटते, पण हसले.

घाटंजीला बाबा जवळजवळ धावतच उतरले. पुरुषांच्या मुतारीत दोनच जागा, मागे रांग, आणि दाराशेजारी मीच डकवलेलं पत्रक. मी थोडी दूर उभी होते. "काकाजी, झोपले काय?" रांगेतला एकजण ओरडला. दुसऱ्यानं पत्रक मोठ्यानं वाचलं, "पुरुषांना भिंत पुरते! अन् याहिले इथं अर्धा तास पुरून नाही राह्यला!" पुन्हा हशा. बाबा मान खाली घालून बाहेर आले. मागे माणसं उभी असली की त्यांना होतच नाही, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी एवढंच म्हणाले, "चला, गाडी सुटते."

गाडी गावाबाहेर पडली आणि बाबांनी माझी पाण्याची बाटली मागितली. झाकण उघडून त्यांनी ती पँटवर उलटी केली. "सांडलं," ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले. बाटलीतलं पाणी थंड होतं. सीटवर माझ्या हाताला लागलं ते कोमट होतं.

मला माझा राग आला, आणि फक्त माझाच नाही. 'वय झालं, व्हायचंच' हे कुणी ठरवलं? पन्नाशी-साठी ओलांडलेली किती माणसं लग्नाला जात नाहीत, गेलीच तर दाराजवळची खुर्ची धरतात, पाण्याच्या ग्लासाला घाबरतात! अन् आपण त्यांना नावं ठेवतो. मी तर छापून ठेवली होती.

केळापूरला आत्यानं दारातच विचारलं, "कायले भिजला रे?"

"पाणी सांडलं."

तिनं गेलेल्या नवऱ्याचं धोतर कपाटातून काढून दिलं. ओवाळून झालं तसा तांब्या पुढे सरकवला. "पी. संडास मागंच हाय. तुहा भाऊजीबी असाच तहानलेला हिंडे. शेवटी पार तुंबलं, तवा सांगतलं त्यानं."

मी म्हटलं, "बाबा, परत गेल्यावर दवाखान्यात जाऊ."

"तू आत नाही यायचं."

"नाही येत."

"अन् यावर पत्रक नाही काढायचं."

"नाही काढत."

मग त्यांनी तांब्या उचलला आणि रिकामा केला.

डॉक्टर म्हणाले, प्रोस्टेटची गाठ वाढली आहे, फार आधी यायला हवं होतं. गोळ्या सुरू आहेत. एसटीत मात्र बाबा अजून बसत नाहीत. पत्रक मी काढलं नाही. हे लिहिलं, ते आधी त्यांनाच दिलं. 'कोमट' शब्दापाशी ते थांबले.

"हे पाहिजेच काय?"

या वेळी मी पेन त्यांच्यापुढे ठेवलं.

"राहू दे," ते म्हणाले, आणि उठून आत गेले.