वसुधाताईने न सांगितलेली ओळ

वसुधाताई गेली.

आज सकाळी, चहा व्हायच्या आधी. भावोजींनी स्वतः फोन करून सांगितलं, म्हणजे बातमी पक्की.

ताई माझी चुलत बहीण. रत्नागिरीत कॉलेजात कम्प्युटरची सी लँग्वेज शिकवायची. रिटायर झाल्यावर तिने एकच प्रोग्रॅम लिहिला, तोही एका माणसासाठी.

भावोजींची नजर कमी होत चालली होती. त्यांच्यासाठी स्क्रीनवर एका वेळी एकच ओळ, काळ्यावर पिवळी, वीतभर अक्षरं. स्पेसबार दाबला की पुढची. मी रोज सकाळी आमच्या पेपरच्या ऑफिसातून बातम्यांची फाइल पाठवायचो, भावोजी पेपर वाचायचे.

कोणी वाचून दाखवलेलं त्यांना चालत नसे.
"दुसऱ्याने चोखलेला बाठा मला कशाला?"

मध्यंतरी खाऱ्या हवेने कम्प्युटरने मान टाकली. नवा आणला. त्यावर प्रोग्रॅम नव्याने कंपाइल करणं, म्हणजे त्या मशीनला चालेल असा बांधणं आलं. ताई तोवर अंथरुणाला खिळलेली. कीबोर्ड माझ्याकडे आला.

पहिलाच एरर: लायब्ररीची, म्हणजे प्रोग्रॅम ज्यावर उभा त्या तयार कोडची, फाइल सापडत नाही.

"ताई, ती कंपाइलची ओळ सांग ना. तुला पाठ असेल."

"आहे. नाही सांगणार."

"अगं, भावोजी पेपराविना बसलेत!"

"बसू देत. मेल्या, ती ओळ जुन्या मशीनची. लायब्ररी कुठे ठेवलीय ते ह्या मशीनला ठाऊक. त्यालाच विचार. उद्या हेही बदलेल, तेव्हा मी असणार आहे का?"

मशीनला विचारायचं म्हणजे pkg-config. त्याला लायब्ररीचं नाव द्यायचं, कंपाइलरला लागणारे ऑप्शन्स ते काढून देतं.

मी विचारलं. उत्तर आलं, ही कोण, मला माहीत नाही.

"बरोबर आहे," ताई म्हणाली. "लायब्ररी नुसती वापरापुरती आहे. प्रोग्रॅम बांधायच्या फाइली वेगळ्या बसवाव्या लागतात."

बसवल्या. ऑप्शन्स मिळाले. मी ते सगळे आधी लिहिले आणि आमच्या फाइलचं नाव शेवटी.

पानभर एरर. undefined reference, undefined reference. म्हणजे नाव घेतलंय, पण ते आहे कुठे ते सापडत नाही.

पलंगावरून हसू ऐकू आलं.

"वाढपी पंगतीतून एकदाच फिरतो रे. पानावर कोणी बसायच्या आधीच तो पुढे गेला, तर वाढणार कोणाला? आधी आपली फाइल, मग लायब्ररी."

gcc vacha.c -o vacha $(pkg-config --cflags --libs gtk+-3.0)

चाललं.

भावोजी खुर्ची ओढून बसले. पहिली ओळ वाचली.

"हेडिंग कोणी दिलंय हे? अगदीच भिकार."

हेडिंग माझं होतं.

ताईने डोळे मिटले. "चला. आता मी मरायला मोकळी."

"गप्प बस," भावोजी स्क्रीनवरून मान न वळवता म्हणाले. "वाचू दे."

आज फोनवर त्यांनी मला एवढंच विचारलं,

"उद्याच्या पेपरात येईल ना?"

"येईल. मीच लिहितोय."

"मग फाइल पाठव. तू येऊन बसू नकोस. माझं मी वाचीन."

त्यांची मुलगी पुण्याहून निघाली आहे. ती पोचली की संध्याकाळी अंत्यसंस्कार होतील.

बातमी लिहून झाली आहे. ओळी लहान ठेवल्या आहेत. उद्या सकाळी फाइल जाईल.

ताई, तुला नमस्कार.