हिरवा वाफा
मोरचुदाची बरणी उघडताना आजही माझा हात थबकतो. रेवसजवळ आमचं मिठागर होतं आणि मी अलिबागला रसायनशास्त्र शिकत होतो. मिठाचे स्फटिक रंगीत होतात का, हे पाहायला मी कॉलेजातून आणलेला मूठभर मोरचूद, म्हणजे निळं कॉपर सल्फेट, बाबांच्या एका वाफ्याच्या कोपऱ्यात गुपचूप टाकला. दोन दिवसांनी तिथं, खाऱ्या पाण्यात निळ्याचे हिरवट झालेले स्फटिक काचेसारखे चमकत होते. इतकं सुंदर काही मी तोवर पाहिलंच नव्हतं. बाबा मात्र काठावर मटकन बसले. म्हणाले, "खाडीचं पानी शिरलं. बांदाकडं माजंच ध्यान न्हवतं." मी मोरचुदाची रिकामी पुडी खिशात आणखी खोल सारली. त्यांनी सगळं मीठ उपसून टाकलं आणि भर उन्हात आम्ही दोघांनी चिखल तुडवून, कुठंही न फुटलेला बांध पुन्हा घातला. आता मी कापडावर तेच स्फटिक वाढवून चित्रं करतो. परवा प्रदर्शनात बाबा एका हिरव्या चित्रापुढं बराच वेळ उभे राहिले. "बांद झिरपला त्या सालचा रंग हाय ह्यो," म्हणाले. खालच्या पाटीवर 'मीठ आणि मोरचूद' असं लिहिलं होतं. ते चष्मा घरी विसरले होते. "काय लिवलंय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मीठ."