जावयाची चकचकीत चाकं

सारा जन्म रुग्णवाहिका चालवण्यात घालवलेल्या या माणसाला जगातल्या निम्म्या गोष्टींची शिसारी होती. कपाच्या कानाला चिकटलेली साखर, फरशीवर उमटलेले ओले पाय, गाडीत फवारलेला गुलाबाचा वास, सगळ्यांना निकाल एकच: "शी!" म्हणून नातीने त्यांचं नाव 'शीआजोबा' ठेवलं आणि ते घरादाराला पटलं.

सगळ्यात जास्त शिसारी होती ती जावयाच्या गाडीची, आणि नेमकं तेच बोलायची सोय नव्हती. जावई गाड्या नटवायचं सामान विकायचा. सीटची कव्हरं, लोंबते गोंडे, निळे दिवे. हे सगळं त्याने आधी स्वतःच्याच गाडीवर चढवलं होतं. पण जावई पडला ना! "छान दिसते हो, जावईबापू," म्हणायचं आणि कडू तोंडाने घरात यायचं.

त्या दुपारी जेवणं उरकून लेक, जावई आणि नात परत निघाले. पुढे हमरस्ता होता आणि आभाळ भरून आलं होतं. निरोप द्यायला आलेले आजोबा सवयीने वाकले आणि पुढच्या टायरच्या आतल्या बाजूला हात घातला. बाहेरची नक्षी जशीच्या तशी, आतली कड मात्र झिजून गुळगुळीत. एका जागी तर बोटाला तारच टोचली.

"शी! जावईबापू, चाकांचं अलाइनमेंट कधी केलं होतं?"

"कशाला? गाडी काय जुनी झालीय?"

"स्टिअरिंग थरथरतं का?"

"ऐंशीला थरथरतं थोडं," जावई हसला. "पण शंभरला नेली की आपोआप थांबतं. हिलाही तेच सांगितलंय, घाबरायचं नाही, आणखी दाबायची."

आजोबांनी रिमकडे पाहिलं. तोंड दिसावं इतकी चकचकीत. चाकाचं वजन सगळीकडून सारखं राहावं म्हणून काठावर शिशाचे छोटे तुकडे ठोकलेले असतात. इथे एकही नव्हता.

"ते होय? मीच उपटले," जावई म्हणाला. "पॉलिश केल्यावर घाण दिसायचे."

तेवढ्यात मागून लेक म्हणाली, "बाबा, गाडी डावीकडे ओढते. सारखं स्टिअरिंग उजवीकडे धरून ठेवावं लागतं. खांदा भरून येतो माझा. ह्यांनी मलम आणून दिलंय."

आजोबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मलम? गाडी वाकडी आणि मलम हिच्या खांद्याला? अरे, पावसात हिने करकचून ब्रेक दाबला तर गाडी कुठे जाईल? शंभरच्या वेगात हे टायर फुटलं तर? मागे माझी नात बसते! किळस येते मला तुझी!"

जावई पांढराफटक पडला. "बाबा, तुम्ही मला अरे-तुरे करताय?"

"करतोय. किल्ली दे."

कोपऱ्यावरच्या टायरवाल्याकडे आजोबांनी गाडी चालत्या माणसाच्या वेगाने नेली. नवी टायरं बसली, चाकांवर शिशाचे तुकडे ठोकले गेले, कोन जुळवले गेले. जावई बाहेर मोबाईलमध्ये तोंड खुपसून उभा होता. त्याच्याकडे बघायचीही आजोबांना इच्छा होईना.

"ताई, एक चक्कर मारून बघा," टायरवाला म्हणाला.

लेक चालवायला बसली, आजोबा शेजारी. मागच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी हळूहळू उजवीकडे सरकू लागली.

"बाबा, आता इकडे ओढतेय! या टायरवाल्याने बिघडवली!"

"गाडी नाही ओढत, पोरी. तू ओढतेयस. हात सैल सोड."

तिने बोटं सैल केली. गाडी सरळ गेली, अगदी सरळ. तिने ती कडेला घेतली, थांबवली आणि स्वतःच्या हातांकडे बघत बसली.

"हे सगळ्यांना हसून सांगतात, हिला गाडी सरळ चालवता येत नाही," ती म्हणाली. "मीही हसायचे, बाबा. मला ते खरंच वाटायला लागलं होतं."