बुजवलेल्या आडावरची खोली

खाली दुकानं, वर फ्लॅट आणि जमिनीखाली पार्किंग, असं ते सोलापुरातलं बांधकाम होतं. आराखडा आमच्या ऑफिसचा. साइटवर रोज उभं राहणं माझ्याकडे. पूर्वेच्या हद्दीला खेटून एका विणकराचं घर होतं. पुढच्या खोलीत यंत्रमाग, मागच्या खोलीत त्याची म्हातारी आई. मागांचा खडखडाट दिवसभर आमच्या खड्ड्यात ऐकू यायचा.

त्या दुपारी पोकलेन चालवणाऱ्यानं मशीन बंद केलं. तो मंद्रूपचा. म्हणाला, "मॅडम, हितं मुरूम न्हाय. बगा की."

मी खाली उतरले. सगळीकडे कडक मुरूम, पण खड्ड्याच्या पूर्व कडेत, त्या घराच्या बरोबर खाली काळी, ओली भरावाची माती होती. तिच्यात फुटकी कौलं, राख, चिंध्या. भरावाच्या कडेची गोलाई स्पष्ट दिसत होती. कधीकाळी कुणीतरी आड बुजवून त्यावर खोली बांधली होती. माती परीक्षणाची भोकं आम्ही आमच्याच जागेत घेतली होती, त्यात हे कळणं शक्य नव्हतं.

मी बघत असतानाच त्या मातीतून खडे घरंगळू लागले. माग धडधडत होते आणि खडे थांबत नव्हते. सगळ्यांना खड्ड्याबाहेर काढलं आणि मी शेजारी पळाले.

"माग बंद करा, लगेच बाहेर चला," मी विणकराला म्हणाले.

"एवढा टॉवेल उतरू द्या, मॅडम."

मी बटण बंद केलं. त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि बाकीचे माग स्वतःच बंद केले.

मागच्या खोलीत म्हातारी बाजेवर बसून जेवत होती. ती तेलुगूत काहीतरी म्हणाली. तिची सून म्हणाली, "जेवण झाल्यावर येते म्हणतात." फरशी भिंतीपासून सुटली होती; फटीत बोट गेलं असतं. माझ्या वजनानं ती आणखी खचेल, या भीतीनं मी उंबऱ्यातच थिजले. आत गेला तो तिचा मुलगा, विणकर. आईला तिच्या ताटासकट उचलून तो मागांमधल्या अरुंद वाटेनं बाहेर आला.

आम्ही गल्लीत उभे होतो तेव्हा आतून पोतं टाकल्यासारखा आवाज झाला. मागच्या खोलीची जमीन बाजेसकट खाली गेली होती. म्हातारीच्या हातात घास तसाच होता.

संध्याकाळपर्यंत आम्ही तो कोपरा मुरूम आणि दगडांनी परत भरला. आराखडा बदलला, तळघर त्या बाजूनं बरंच आत घेतलं. पार्किंग कमी झालं म्हणून बिल्डर कुरकुरला, पण ती खोली त्यानंच बांधून दिली. आड मुरमापर्यंत उपसून, काँक्रीट भरून. त्याचं डिझाइन मी केलं.

खोली तयार झाल्यावर विणकरानं मला बोलावलं. आई नव्या खोलीत झोपायला तयार नव्हती. बाज मागांजवळच टाकायची.

"आता पक्कं झालंय, आजी," मी म्हणाले.

"तू झोपशील का हितं?" तिनं मोडक्या मराठीत विचारलं.

हो म्हणायला मला वेळ लागला. मग मी आत जाऊन फरशीवर बसले. सुनेनं चहा आणला. पुढच्या खोलीत माग सुरू झाले तशी फरशी हलकीशी थरथरली. तेवढी थरथर होणारच, हे मला ठाऊक होतं. तरी चहा संपेपर्यंत माझी नजर भिंतीच्या कडेवरून हलली नाही.