नीट लावलेली बटणं

शिंपीणबाईंच्या धाकट्या भावाची तब्येत त्याच्या सदऱ्यावरून कळायची. बटणं सरळ असली की दिवस बरा. एखादं वरखाली दिसलं की बाई मशीन थांबवून आधी त्याची गोळ्यांची डबी बघायच्या. वीस वर्षं हेच चाललं होतं. आता बाईंची नजरही अधू झाली होती, सुईत दोरा तोच ओवून द्यायचा. माझ्यामागे याचं कसं होणार, या एका काळजीनं त्यांना पोखरलं होतं.

गावाच्या टोकाला मनाचा आजार असलेल्यांसाठी परवडेल अशा भाड्याच्या बारा खोल्या होत्या. खोलीला स्वतःची चावी, आणि गोळ्या घेतल्या का हे बघायला खाली एक सेविका. बाईंना दुसरं काही नकोच होतं. पण मागच्या खेपेला अर्ज केला तेव्हा भाऊ बिथरलेला होता. मुलाखतीला गेला तो टेबलाखालीच जाऊन बसला. खोल्या कुणाला द्यायच्या ते ठरवणाऱ्या साहेबांनी शेरा मारला, प्रकृती स्थिर नाही.

यंदा एक खोली रिकामी झाली तशी बाईंनी कंबर कसली. नवा सदरा शिवला, पंधरा दिवस उत्तरं घोकून घेतली. भावानंही बहिणीची लाज राखली. गोळ्यांची नावं वेळांसकट घडाघडा सांगितली, भात-भाजी जमते म्हणाला. बाईंना वाटलं, गंगेत घोडं न्हालं. साहेबांनी तोंडभरून कौतुक केलं आणि लिहिलं, आधाराची गरज दिसत नाही.

मी आहे म्हणून दिसत नाही, बाई म्हणाल्या. मग तुम्ही आहातच की, साहेब म्हणाले आणि पुढचा अर्ज ओढला.

आजारी होता तर नको, बरा दिसला तरी नको. असल्या नियमांना काय जाळायचंय? ते लिहिणाऱ्यानं एक आठवडा असा भाऊ सांभाळून दाखवावा.

परतताना बाई रागानं भराभरा चालत होत्या. कोपऱ्यावर भावानं मागून विचारलं, "ताई, माझं काही चुकलं का?"

"नाही रे. तू सगळं बरोबर सांगितलंस."

तो चार पावलं चालला. मग थांबून त्यानं वरचं बटण काढलं आणि खालच्या काजात घातलं.

"पुढच्या वेळी असा जाऊ?"

सवयीनं बाईंचा हात बटणाकडे गेला आणि मध्येच थांबला.